सिंगापूर आणि क्लांगचे बाक कुत तेह : बरगड्यांचे सूप कुठे, केव्हा आणि कशासोबत खावे

सह्याद्रीपार

सिंगापूरला येणारे आपले बहुतेक पाहुणे दोन गोष्टी ठरवूनच विमानात बसतात : रोजचे जेवण लिटल इंडियात आणि एका संध्याकाळी चिली क्रॅब. या दोहोंच्या मध्ये या शहराचे खरे खाणे आहे आणि त्यात डुकराच्या बरगड्यांचे सूप, म्हणजे बाक कुत तेह, मी सर्वांत वर ठेवतो. खेकड्यावर जेवढे पैसे जातात तेवढ्यात चार जण हे सूप पोटभर खाऊन उठतात, आणि तरीही ते आपल्याकडच्या सहलींच्या यादीत सहसा नसते. ज्यांना हे मांस वर्ज्य आहे त्यांनी धागा सोडून दिला तरी चालेल, परंतु त्यांच्याही उपयोगाचे काही शेवटी लिहिले आहे.

एकाच नावाखाली दोन बरेच वेगळे पदार्थ मिळतात, हे आधी लक्षात घ्यावे. सिंगापुरात प्रामुख्याने तेओच्यू, म्हणजे दक्षिण चीनमधून आलेल्या त्या नावाच्या समाजाची, पद्धत चालते. तिच्यात सूप फिकट आणि जवळजवळ पारदर्शक असते आणि त्याचा सगळा भार पांढरी मिरी व अख्खा, न सोललेला लसूण यांच्यावर असतो. मलेशियातील क्लांगमध्ये होक्किएन या दुसऱ्या दक्षिण चिनी समाजाची पद्धत आहे. तिथले सूप सोया सॉसमुळे काळसर असते आणि त्यात दालचिनी, चक्रीफूल, लवंग यांच्यासोबत दांग गुइसारखी चिनी औषधी मुळे असतात. एका पद्धतीची अपेक्षा ठेवून दुसरी मागवली की माणूस नाराज होतो, आणि या पदार्थाविषयीची निम्मी प्रतिकूल मते अशीच तयार झालेली असतात.

तेओच्यू सूपचा पहिला घोट घेतल्यावर आपल्या जिभेला तर्री, वाटण, हळद यांपैकी काहीच सापडत नाही. कोल्हापूरकडे मटण शिजले की रस्सा फोडणीला टाकण्याआधी वाटीत जे अळणी काढून देतात, ते आवडीने पिणाऱ्याला मात्र हे सूप फारसे समजावून सांगावे लागत नाही. फरक असा की इथे मिरीचा तिखटपणा जिभेवर न लागता घशात मागाहून उमटतो आणि दुसऱ्या वाडग्यापर्यंत कपाळावर घाम येतो. यासाठी बहुधा सारावाकची किंवा इंडोनेशियाच्या बांका बेटावरची मुंतोक नावाची पांढरी मिरी वापरतात. पांढरी मिरी म्हणजे पिकलेले दाणे पाण्यात भिजवून साल काढलेली मिरी. गडद साल गेल्यामुळे ती सूपमध्ये भरपूर घातली तरी रंग बिघडत नाही.

जेवणाची मांडणी साधी असते. समोर सूपचा वाडगा, बाजूला भात, छोट्या बशीत घट्ट काळा सोया सॉस आणि त्यात लाल मिरचीचे काप. बरगडी चॉपस्टिकने उचलून सॉसमध्ये बुडवायची आणि हाडावरून दातांनी ओढून खायची. मांस हाडापासून सहज सुटायला हवे, मात्र वाडग्यात आपोआप गळून पडायला नको. ते गळून पडत असेल तर भांडे सकाळपासून मंद आचेवर राहिले आहे, असे खुशाल समजावे. सोबत यू चार क्वे, म्हणजे मैद्याची लांब तळलेली जोडकांडी, कापून देतात. ती सूपमध्ये बुडवताच लगेच तोंडात टाकायची, कारण थोडा जरी उशीर झाला तरी तिचा लगदा होतो. सूप संपत आले की हातात मोठी किटली घेतलेला माणूस येतो आणि न मागता वाडगा पुन्हा भरून जातो. बहुतेक दुकानांत या भरण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

सुरुवातीसाठी ठिकाणे सांगतो. क्लार्क की स्थानकासमोर न्यू ब्रिज रोडवर साँग फा आहे. हा व्यवसाय १९६९ मध्ये जोहोर रोडवरच्या एका हातगाडीवर सुरू झाला होता. आज त्याच्या अनेक शाखा आहेत आणि मिशेलिनच्या बिब गुर्मां, म्हणजे माफक दरांतल्या चांगल्या खाण्याच्या, यादीतही त्याचे नाव आलेले आहे. तिथे रांग असते, परंतु ती भरभर सरकते. बालेस्टिअर रोडवरचे फाउंडर १९७८ पासूनचे असून तिथल्या भिंती नामवंतांच्या छायाचित्रांनी भरल्या आहेत. लिटल इंडियात उतरलेल्यांना रंगून रोडवरचे एन्ग आह सिओ सर्वांत सोयीचे, कारण फॅरर पार्क स्थानकावरून ते चालत जाण्याइतके जवळ आहे. माझे मत विचाराल तर मिरीचा जोर एन्ग आह सिओकडे अधिक आहे आणि साँग फाचे सूप नवख्या माणसाला अधिक मानवते.

आडवाटेची_मुसाफिर

उत्तम धागा. मागे आम्ही मोठ्या हौसेने एका हॉटेलात गेलो (नाव देत नाही). बसल्याबरोबर शेंगदाण्यांची बशी आणि ओले रुमाल समोर आले. पाहुणचार समजून आम्ही ते वापरले आणि बिलात दोन्हींचे पैसे लागलेले पाहून यजमान म्हणून मिरवणारा माझा भाचा गप्पच झाला. चहाही माणशी मोजला होता. ही फसवणूक समजायची की तिथली रीतच तशी आहे? आणि नेमके काय काय मागवावे, हेही कृपया लिहावे.

सह्याद्रीपार

मुसाफिरताई, ती तिथली रीतच आहे आणि इथली स्थानिक माणसेही तिच्यावर कुरकुरतात. नको असेल तर बशी आणि रुमाल आल्याबरोबर हसून परत करावेत, त्यात कोणाला काही वाटत नाही. बिलाचेही एक सांगतो. दराच्या पुढे दोन अधिकची चिन्हे छापलेली असतील तर १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर ९ टक्के जीएसटी लागतो, हे धरून चालावे. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याचे अनेक गाळे एकत्र असलेल्या आवारात, सेवाशुल्क नसते, पाटीवर लिहिलेली किंमत हीच शेवटची किंमत.

मागवण्याविषयी बोलायचे तर साध्या तुकड्यांचा वाडगा साधारण ८ ते १० सिंगापूर डॉलरच्या आसपास मिळतो आणि निवडक लांब बरगडीचा त्याहून काही डॉलर अधिक असतो. दोघांत मिळून एक एक मागवून पाहावा. लांब बरगडी दिसायला देखणी असते, परंतु सूपची चव साध्या तुकड्यांतच जास्त मुरते, असे मला वाटते. बाजूला खारवून आंबवलेला मोहरीचा पाला मागवावा, त्याच्या आंबटपणामुळे चरबीचा जडपणा जाणवत नाही. सोयामध्ये शिजवलेले डुकराचे पाय आणि ताउ पोक नावाचे फुगीर तळलेले टोफूही चांगले असतात. यकृत आणि मूत्रपिंडाचे सूप मिळते, ते पहिल्या भेटीत मागवायलाच हवे असे नाही.

चहावर मात्र पैसे वाचवू नयेत. या जेवणात चहा सूपइतकाच महत्त्वाचा आहे. टेबलाजवळ उकळत्या पाण्याची किटली, लिंबाएवढी किटुकली चहादाणी आणि दोन घोटांचे पेले ठेवतात. पुडीतली पाने चहादाणीत घालायची, पहिले पाणी ओतून त्यानेच पेले विसळायचे आणि दुसऱ्या पाण्याचा चहा काही क्षणांतच पेल्यांत ओतायचा. तिएगुआनयिन हा चिनी ऊलाँग (अर्धवट आंबवलेला) चहा किंवा त्याच जातीचा भाजका ऊलाँग असेल तर प्रत्येक दोन-तीन घासांमागे तोंड स्वच्छ होत जाते आणि बरगडी शेवटपर्यंत जड होत नाही. चायनाटाउनमधील मॉस्क स्ट्रीटवर पेक सिन चून हे १९२५ पासूनचे चहाचे दुकान आहे आणि इथल्या बऱ्याच बाक कुत तेह दुकानांना चहा तेच पुरवतात. घरी न्यायला तिथल्या कागदात बांधलेल्या पुड्या घ्याव्यात, विमानतळावरच्या रंगीत डब्यांच्या नादी लागू नये.

क्लांगशेजारी

मी क्वालालंपूरच्या कडेला राहतो, तेव्हा सिंगापूरकरांना थोडा विरोध करणे माझे कर्तव्यच ठरते. सह्याद्रीपार यांनी क्लांगला दोन वाक्यांत आटोपले, हे काही बरे नाही.

क्लांगमध्ये बाक कुत तेह हा मुळात सकाळचा खाना आहे. जुनी दुकाने पहाटे उघडतात आणि दुपारी पातेले रिकामे झाले की बंद होतात. संध्याकाळी पर्यटकाच्या आरामात गेलात तर जी दुकाने उघडी असतील तिथे जेवावे लागेल, जी चांगली आहेत तिथे नव्हे. क्वालालंपूर सेंट्रलहून कम्युटर गाडीने सुमारे तासाभरात क्लांग येते. स्टेशनातून बाहेर पडून थोडे चालले की स्टेशन रस्त्यावरचे तेक तेह आणि पुलाखालचे सेंग हुआत ही दोन्ही दुकाने गाठता येतात. यांपैकी तेक तेहचे नाव ली बून तेह या गृहस्थांच्या घराण्याशी जोडले जाते आणि क्लांगमध्ये या पदार्थाचे जनकत्व त्यांनाच देतात.

इथे सूपचा मोठा वाडगा येत नाही. आपण मांसाचा भाग निवडायचा आणि त्या भागाची छोटी वाटी, वर जेमतेम बुडेल इतक्या दाट काळ्या रसासह, समोर येते. तुआ कुत म्हणजे मोठे हाड, का वान म्हणजे पायाच्या वळणाचा, कातडी आणि चिकट स्नायू असलेला भाग. माझी शिफारस का वानची आहे. त्याचा रस भातावर घातला की शिते एकमेकांना धरून बसतात आणि ओठ किंचित चिकटतात. सिंगापूरसारखे सूप पुन्हा पुन्हा भरून मिळेल ही अपेक्षा जुन्या दुकानांत ठेवू नये, कारण हा रस पाण्यासारखा वाढता येईल असा नसतोच. मातीच्या भांड्यात मशरूम, कोबीची पाने आणि टोफूसह उकळत येणारा प्रकार क्वालालंपूरमध्ये सर्रास दिसतो. तो वाईट नाही, परंतु जुने क्लांगकर त्याकडे संशयानेच पाहतात. याखेरीज सुके बाक कुत तेह आहे. त्यात रस आटवून वाळक्या लाल मिरच्या, भेंडी आणि सुकवलेले माकूल घालतात. तिखटाशिवाय ज्यांचे जेवण होत नाही, त्यांना मी आधी तिथेच नेतो.

हा पदार्थ कोणाचा, हा वाद दोन्ही देशांत अधूनमधून पेटतो. २००९ मध्ये मलेशियाच्या तेव्हाच्या पर्यटनमंत्री एन्ग येन येन यांनी बाक कुत तेह, लाक्सा (शेवयांचे मसालेदार सूप), हायनानी चिकन राइस हे पदार्थ आमचे असून इतरांनी पळवले असे म्हटले होते आणि सिंगापुरात त्यावर बराच गदारोळ झाला होता. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये मलेशियाने बाक कुत तेहची राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद केली. त्यावर देशातच चर्चा झाली, कारण बहुसंख्य मुस्लिम प्रजेला निषिद्ध असलेला पदार्थ राष्ट्रीय कसा, असा प्रश्न विचारला गेला. माझ्या मते तो पदार्थ ज्या लोकांनी या देशात रुजवला ते लोकही याच राष्ट्राचे आहेत, एवढे उत्तर पुरेसे आहे. बंदरावर हमाली करणाऱ्या चिनी मजुरांनी अंगात बळ यावे म्हणून स्वस्त हाडे आणि उरलेसुरले मसाले उकळले, ही कथा दोन्हीकडे सांगितली जाते. ती ऐकायला छान आहे, इतकेच मी म्हणेन.

ज्यांना डुकराचे मांस चालत नाही त्यांच्यासाठी याच मसाल्यात कोंबडी शिजवून केलेले चिक कुत तेह मलेशियात मिळते आणि ते हलालही असते.

चुलाणी

औषधी मुळे म्हणजे हे सूप प्रकृतीला हितकारक, असे समजायचे का? माझ्या सासूबाईंना सांधेदुखी आहे आणि कोणीतरी त्यांना तयार पुड्या आणून दिल्या आहेत.

सह्याद्रीपार

चुलाणी, औषध म्हणून नव्हे, चवीसाठीच प्यावे. एक बाब मात्र गांभीर्याने सांगतो. क्लांग पद्धतीच्या पुड्यांमध्ये दांग गुइ हे मूळ असते आणि वॉर्फरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा परिणाम त्याने वाढू शकतो. सासूबाई अशी गोळी घेत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या पुड्या वापरू नयेत. गरोदरपणातही दांग गुइ टाळतात. तेओच्यू पद्धतीत मुख्यतः मिरी आणि लसूण असल्याने हा प्रश्न फारसा येत नाही, मात्र दोन्ही प्रकारांत मीठ भरपूर असते, हे रक्तदाब असलेल्यांनी विसरू नये.

पापडी_वसई

आमच्याकडे वसईत सणाला डुकराचे इंद्याल आणि सोरपोतेल होतेच, त्यामुळे मांस नवे नाही, पण ते इतक्या कमी सामानात शिजवायचे धाडस आमच्या घरात कोणी केले नव्हते. बाटली मसाल्याशिवाय डुक्कर म्हणजे आजारी माणसाचे जेवण, असे आई म्हणते. सिंगापुरात खाऊन आल्यापासून मी ते घरी करतो, म्हणून कृती लिहितो.

कसायाकडून बरगड्या बोटभर लांबीच्या तोडून आणाव्यात. थंड पाण्यात घालून उकळी आणावी, वर करडा फेस आला की सगळे पाणी फेकून द्यावे आणि प्रत्येक तुकडा नळाखाली धुवावा. हाडांच्या कडेला साकळलेले रक्त अंगठ्याने घासून काढायचे. सूप स्वच्छ होणे सर्वस्वी याच धुण्यावर अवलंबून असते. मग ताज्या पाण्यात बरगड्या, दोन अख्खे लसणाचे गड्डे आणि तव्यावर किंचित गरम करून भरड कुटलेल्या पांढऱ्या मिरीची पुरचुंडी घालून सव्वा तास मंद आचेवर ठेवावे. प्रेशर कुकर वापरू नये, कारण मांस लवकर शिजते पण पाणी गढूळ होते. मीठ आणि थोडा फिकट सोया सॉस शेवटी. मिरीची बाजारातली तयार पूड घालू नये, तिला जुनाट वास येतो. यू चार क्वेच्या जागी आम्ही बिनगोडाची खारी वापरतो आणि मुलांची तक्रार नसते.

निरामिष

मी शाकाहारी आहे आणि पुढच्या महिन्यात कामासाठी सिंगापूरला येणार आहे. सहकाऱ्यांबरोबर हॉकर सेंटरमध्ये बसावे लागेल. लिटल इंडियाबाहेर मला काय खाता येईल?

सह्याद्रीपार

निरामिषराव, आधी सावधगिरीची गोष्ट सांगतो. भाज्यांचे दिसणारे पुष्कळ पदार्थ शाकाहारी नसतात. रोजाक नावाच्या फळांच्या कोशिंबिरीत कोळंबीची काळी आंबवलेली चटणी असते, कांगकाँग या पालेभाजीला ब्लाचानमध्ये, म्हणजे कोळंबीच्या आंबवलेल्या लगद्यात, परतलेले असते आणि चार क्वे तिआओ या परतलेल्या तांदळाच्या पट्ट्यांमध्ये डुकराची चरबी घालणे ही तर त्या पदार्थाची ओळखच आहे. 'भाजी चालेल' एवढे म्हटले तर वरचे मांस तेवढे काढून देतील.

मोठ्या हॉकर सेंटरांत चिनी शाकाहारी गाळा बहुधा असतो. हे गाळे बौद्ध परंपरेतले असल्याने तिथे कांदा-लसूणही नसतो. कंदमुळे मात्र असतात, त्यामुळे जैन मंडळींनी विचारून घ्यावे. तिथल्या परतलेल्या तांदळाच्या शेवया आणि सोयाचे बनावट मांस खाण्यासारखे असते. मशरूम घालून केलेले शाकाहारी बाक कुत तेहही काही ठिकाणी मिळते. मिरी-लसणाचे नव्हे, औषधी मुळांचे असते आणि हाडांविना त्याला अंग येत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

हॉकर सेंटरच्या दोन रीती माहीत असू द्या. टेबलावर टिश्यू पेपरची पुडी पडलेली असली तर ती जागा कोणीतरी धरलेली आहे. आणि सप्टेंबर २०२१ पासून आपले ताट आपणच परत ठेवणे सक्तीचे झाले आहे. परतीच्या मांडण्या हलाल आणि बिगरहलाल अशा वेगळ्या असतात, पाटी वाचून ताट ठेवावे. याच हॉकर संस्कृतीला डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले.

मनिलाकर

बरगड्यांच्या सूपची चर्चा चालली आहे आणि फिलिपिन्सच्या सिनिगांगचे नाव कोणी घेत नाही, म्हणून लिहितो. सिनिगांग ना बाबॉयमध्ये बरगड्या किंवा पोटाचे मांस चिंचेच्या आंबट पाण्यात शिजवतात आणि त्यात मुळा, भेंडी, वांगे, चवळीच्या लांब शेंगा, कांगकाँग आणि अख्खी हिरवी मिरची घालतात. चिंच कच्ची वापरतात, त्यामुळे त्या आंबटपणाला आपल्या आमटीतला गोडसर सूर नसतो. मुळा इतका शिजतो की चमच्याने तुटतो आणि मला त्यातला तोच सर्वांत आवडतो. भातावर घेऊन जेवावे, बाजूला फिश सॉसमध्ये चेचलेली मिरची असावी. मराठी माणसाला या प्रदेशातला कोणता बरगड्यांचा रस्सा पहिल्या दिवशीच आवडेल, असे मला विचारलेत तर मी बाक कुत तेह नव्हे, सिनिगांगच सांगेन.

आडवाटेची_मुसाफिर

मनिलाकर, मग बँकॉकच्या लेंग सेपलाही या रांगेत बसवावे लागेल. डुकराच्या मणक्याची हाडे परातीएवढ्या भांड्यात डोंगरासारखी रचतात आणि वरून लिंबाचा रस, हिरव्या मिरच्यांचा खच आणि कोथिंबीर घातलेला रस ओततात. प्लास्टिकचे हातमोजे देतात, तरीही कोपरापर्यंत ओघळ येतातच. मांस थोडे आणि मेहनत फार, पण चौघे जण बोलत बसायला याहून चांगले निमित्त नाही. सायगावमध्ये भाजलेल्या डुकराच्या चॉपसोबत तांदळाच्या कणीचा भात देतात, तोही कोणी चुकवू नये.

मडगांवकार

गोव्यात आम्ही डुकराची हाडे घालून आड मास करतो. तिथल्या मसाल्यात आणि व्हिनेगरमध्ये वाढलेल्या माझ्या जिभेला सिंगापूरचे फिकट सूप फिकेच वाटले, हे नोंदवून ठेवतो. क्लांगचे काळे मात्र आवडले. सह्याद्रीपार, एक विचारायचे होते. आईवडील दोघेही सत्तरीचे आहेत, सोबत असताना एकच जेवण निवडायचे झाले तर साँग फा की आणखी काही? आईला हाडे चावणे जमत नाही.

सह्याद्रीपार

मडगांवकार, फिके वाटणाऱ्यांशी मी भांडत नाही, त्यांना मिरचीच्या कापांची बशी पुढे सरकवतो.

आईंसाठी हाडांचा हट्ट धरू नये. बहुतेक दुकानांत तेच सूप बिनहाडाच्या मऊ मांसाच्या कापांसह मिळते, ते एक मागवावे आणि बरगड्या बाकीच्यांनी घ्याव्यात. दुपारी साडेबारा ते दोन आणि संध्याकाळी सातनंतर गर्दी असते, तेव्हा अकराच्या सुमारास पोहोचावे. त्या वेळी बसायला निवांत जागा मिळते आणि सूपही अजून आटून खारट झालेले नसते. बालेस्टिअरला टॅक्सी दारापर्यंत जाते. न्यू ब्रिज रोडच्या दुकानात काही टेबले पदपथाला लागून उघड्यावर असतात, तिथे उकाडा जाणवतो, म्हणून आतली जागा मागून घ्यावी. मांस अजिबात नको असेल त्या दिवशी त्यांना फिश हेड करी खिलवावी. केरळहून आलेल्या गोमेझ नावाच्या गृहस्थांनी ती १९४९ च्या सुमारास इथे सुरू केली असे सांगतात, आणि माशाच्या डोक्याचे काय करायचे हे गोव्याच्या माणसाला मी शिकवण्याची गरज नाही.